अ‍ॅक्चुअरियल सायन्स मायनर म्हणून घ्यायचं असेल तर : नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी

धंतोलीकर
मायनर, म्हणजे मेजर या मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय, निवडायची वेळ आली की एकच प्रश्न फिरून फिरून येतो. बी.एस्सी., बी.कॉम. किंवा बी.टेक. करता करता विम्याच्या जोखमीचं गणित म्हणजे अ‍ॅक्चुअरियल सायन्स मायनर म्हणून घेतलं, तर त्याचा उपयोग नेमका किती? सुटी सुटी उत्तरं देत बसण्यापेक्षा एका जागी मांडतो. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे टोकावं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. भारतात अ‍ॅक्चुअरी (या गणितातला तज्ज्ञ) ही पात्रता विद्यापीठ देत नाही. ती इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया, म्हणजे आयएआय, देते. अ‍ॅक्चुअरीज कायदा २००६ सालचा आहे, ही संस्था त्या कायद्याखालची. तिच्या परीक्षा देत देत आधी असोसिएट आणि मग फेलो होता येतं. मायनर म्हणजे तुमच्या पदवीतली १८ ते २० क्रेडिट्स, ती गुणपत्रिकेवर येतात. या दोन्हींत आपोआप जोडणारा धागा नाही. मायनर केलं म्हणून आयएआयचा पेपर माफ होईल असं गृहीत धरू नका. सूट मिळते ती संस्थेने त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला मान्यता दिली असेल तरच. ती मान्यता आयएआयकडे विचारून पक्की करायची, माहितीपत्रकावरच्या एका ओळीवर विसंबायचं नाही.

मग मायनर कशासाठी? माझं मत सरळ आहे. मेजर जिथे उणं पडतं तिथे मायनर भरायचं. अ‍ॅक्चुअरियल परीक्षेला संख्याशास्त्र, व्याजाचं आणि आयुर्विम्याचं गणित, अर्थशास्त्र आणि थोडं वित्त, असं सगळंच लागतं. ज्याचं मेजर संख्याशास्त्र आहे त्याने अर्थशास्त्र किंवा वित्त घ्यावं. ज्याचं अर्थशास्त्र किंवा कॉमर्स आहे त्याने संख्याशास्त्र घ्यावं, आणि तेही ज्यात आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेची प्रात्यक्षिकं आहेत असं. नावात अ‍ॅक्चुअरियल आहे की नाही हा नंतरचा प्रश्न.

अभ्यासक्रमाचा कागद हातात आला की शीर्षक सोडा, घटक वाचा. विम्याचा इतिहास, विमा कायदा, पॉलिसींचे प्रकार, एजंटची कर्तव्यं एवढंच असेल तर ते विम्याचं मायनर आहे, अ‍ॅक्चुअरियल नाही. त्यात वाईट काही नाही, पण पहिल्या पेपरात त्यातलं काहीच विचारत नाहीत. हे शब्द शोधा: जीवनसारणी (वयानुसार मृत्यूच्या संभाव्यतेचा तक्ता), ठरावीक काळाने येणाऱ्या रकमांची वार्षिकी म्हणजे अ‍ॅन्युइटी, अपेक्षित वर्तमान मूल्य, मॅक्सिमम लाइकलिहूड, जनरलाइझ्ड लिनियर मॉडेल (जीएलएम), बेझियन अनुमान. यातले निम्मे सापडले तरी कागद कामाचा.

गोरेवाडा_वारा
उत्तम धागा. क्रेडिटच्या हिशेबाची भर घालते, कारण पुढची अडचण तिथेच होते.

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे ४ क्रेडिटचा थिअरी विषय ६० तासांचा झाला. आयएआयचा संख्याशास्त्राचा सीएस१ हा पेपर घ्या. त्यात वितरणं, अंदाज, चाचण्या, रिग्रेशन, जीएलएम आणि बेझियन एवढं सगळं आहे. ६० तासांत वर्गात वितरणं आणि चाचण्या नीट होतात, रिग्रेशन धावत होतं, जीएलएम आणि बेझियन बहुधा राहूनच जातं. यात शिकवणाऱ्यांचा दोष नाही, तासच तेवढे आहेत. म्हणून संख्याशास्त्राच्या दोन विषयांची मिळून ८ क्रेडिट्स तरी मायनरमध्ये हवीत, आणि त्यातली किमान २ प्रात्यक्षिकाची. तीन विषय वरवर करण्यापेक्षा दोन खोलवर केलेले बरे.

एनपीटीईएल किंवा स्वयम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठांवरचा कोर्स मायनरमध्ये धरता येतो का, हाही प्रश्न असतो. युजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेता येतात. पण क्रम उलटा करू नका. आधी कॉलेजच्या अभ्यास मंडळाने किंवा विभागाने तो कोर्स मायनरच्या यादीत मान्य केलेला असायला हवा, मगच नोंदणी करायची. आधी कोर्स करून, प्रमाणपत्र घेऊन, मग क्रेडिट मागायला गेलं की अर्ज अडकतो. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात. असाइनमेंटचे गुण उत्तम असले तरी परीक्षेत ३० च्या खाली आलात तर प्रमाणपत्र नाही.

संत्रानगरी_०७१२
दोघांनाही धन्यवाद. एक थेट प्रश्न. बारावीत गणित नव्हतं, बी.कॉम.ला आहे. एसीईटी झेपेल का?

धंतोलीकर
झेपेल, पण गणित टाळून नाही. एसीईटी ही आयएआयची प्रवेश परीक्षा आहे. ३ तास, ७० बहुपर्यायी प्रश्न, १०० गुण, पात्रतेला ५० हवेत. विषय पाच: गणित, संख्याशास्त्र, माहितीचं विश्लेषण, इंग्रजी आणि तर्क. मोठा भाग गणित आणि संख्याशास्त्राचाच आहे आणि पातळी अकरावी-बारावीची. लॉगॅरिदम, श्रेणी, अवकलन, संकलन, मॅट्रिक्स, संभाव्यता, द्विपद आणि प्रसामान्य वितरण. बारावीत गणित नसलेल्यांचं घोडं अवकलन आणि संकलनावर अडतं. त्याला सहा महिने रोज एक तास द्या. राज्य मंडळाची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं पुरतात, महागड्या नोट्सची गरज नाही.

आणखी एक. एसीईटी पास झाल्यावर लगेच सीएस१ला धाव घेऊ नका. एसीईटीचं संख्याशास्त्र आणि सीएस१चं संख्याशास्त्र यांत मोठा खड्डा आहे, आणि तो खड्डाच मायनरने भरायचा असतो.

लॉ_कॉलेज_चौक
सीएम१, म्हणजे व्याजाच्या आणि आयुर्विम्याच्या गणिताचा पेपर, त्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि मायनरमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. व्याजाचं गणित सोपं वाटतं म्हणून विद्यार्थी ते बाजूला ठेवतात. दोन उदाहरणं देतो.

पहिलं व्याजदराचं. बँक म्हणते वर्षाला ९ टक्के, हप्ता महिन्याचा. याचा अर्थ महिन्याला ०.७५ टक्के, आणि वर्षाचा खरा परिणामी दर ९.३८ टक्के. विद्यार्थी करतात काय? ९ टक्क्यालाच परिणामी दर धरतात आणि १.०९चं बारावं मूळ काढून महिन्याचा दर ०.७२०७ टक्के घेतात. १० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी घेतलं तर बरोबर हप्ता ८,९९७ रुपये येतो, चुकीच्या दराने ८,७७३. दर महिन्याला जवळजवळ २२५ रुपयांचा फरक, आणि तोही २४० हप्त्यांत. प्रश्नात "मासिक रूपांतरित" असं लिहिलेलं असतं, ते दोन शब्द वाचलेच जात नाहीत. उत्तरपत्रिकेत पहिली ओळ कायम दर कोणत्या प्रकारचा आहे याचीच लिहा.

दुसरं मुदत विम्याचं. आकडे फक्त हिशेबासाठी घेतले आहेत. ३ वर्षांचा मुदत विमा, रक्कम १० लाख, मृत्यू झाला तर वर्षाच्या शेवटी देय, व्याज ६ टक्के. मृत्यूची संभाव्यता पहिल्या वर्षी ०.००२, दुसऱ्या वर्षी ०.००२२, तिसऱ्या वर्षी ०.००२५.

पहिल्या वर्षाचं वर्तमान मूल्य: ०.००२ × ०.९४३४ × १० लाख, म्हणजे १,८८६.७९ रुपये. ०.९४३४ हा एका वर्षाचा सवलत गुणक, १ भागिले १.०६.
दुसऱ्या वर्षी मरण्यासाठी आधी पहिलं वर्ष जगायला हवं. म्हणून ०.९९८ × ०.००२२ × ०.८९०० × १० लाख, म्हणजे १,९५४.०८.
तिसऱ्या वर्षी दोन वर्षं जगायला हवं. ०.९९८ × ०.९९७८ × ०.००२५ × ०.८३९६ × १० लाख, म्हणजे २,०९०.२४.
एकूण ५,९३१.११ रुपये. हा एकरकमी निव्वळ हप्ता, खर्च आणि नफा न धरता.

चूक कुठे होते? जगण्याचा गुणक विसरतात आणि ०.००२२ थेट घेतात. उत्तर येतं ५,९४३.८३. फरक जेमतेम १३ रुपयांचा, म्हणून उत्तर बरोबरच वाटतं. तीन वर्षांत हे खपून जातं. पण साठीनंतरच्या ३० वर्षांच्या योजनेत हीच चूक उत्तर पार बिघडवते.

उमरेड_रोड
@लॉ_कॉलेज_चौक, छान मांडलंत सर. वार्षिक हप्ताही काढून टाकतो मग. ५,९३१.११ ला तीन वर्षांच्या वार्षिकीने भागायचं. १ + ०.९४३४ + ०.८९०० = २.८३३४. म्हणून २,०९३.२९ रुपये.

लॉ_कॉलेज_चौक
नाही, हीच ती पुढची चूक. २.८३३४ ही खात्रीची वार्षिकी झाली. माणूस मेल्यावर हप्ता येणं थांबतं, त्यामुळे प्रत्येक हप्त्याला त्या दिवसापर्यंत जगण्याची संभाव्यता लावायची. १ + ०.९९८ × ०.९४३४ + ०.९९५८ × ०.८९०० = २.८२७८. आता ५,९३१.११ भागिले २.८२७८ म्हणजे २,०९७.४५ रुपये. इथेही फरक चारच रुपयांचा. पण २,०९३ने विकलेली पॉलिसी म्हणजे मेलेल्या माणसाकडून हप्ता येईल असं धरून विकलेली पॉलिसी. कंपनीकडे अशा लाखभर पॉलिसी असतात.

आता इथून रिझर्व्ह, म्हणजे पुढच्या दाव्यांसाठी राखून ठेवायची रक्कम, कसा दिसतो ते पाहा. पहिल्या वर्षाच्या जोखमीची किंमत १,८८६.७९, हप्ता मात्र २,०९७.४५. साधारण २१० रुपये जास्त घेतले. ते कंपनीचे नाहीत, पुढच्या वर्षांतल्या वाढत्या जोखमीसाठी ठेवायचे आहेत. वर्षाच्या शेवटी २,०९७.४५ × १.०६ = २,२२३.३०, त्यातून मृत्यूदाव्यांचे २,००० वजा, राहिले २२३.३०. ते जिवंत राहिलेल्या ०.९९८ मध्ये वाटले तर प्रत्येकी २२३.७४. हीच रक्कम पुढून मागे येऊनही काढा: दोन वर्षांच्या दाव्यांचं वर्तमान मूल्य ४,२९५.५७ आणि हप्त्यांचं ४,०७१.८२, फरक २२३.७५. एका पैशाचा फरक फक्त गोलाईचा. दोन्ही वाटांनी एकच उत्तर येणं हीच तुमची तपासणी. परीक्षेत वेळ असेल तर ही पडताळणी नक्की करा. जुळलं नाही तर चूक कुठल्या ओळीत आहे ते लगेच सापडतं.

उमरेड_रोड
समजलं. खात्रीची आणि जीवन वार्षिकी, दोन्ही एकाच चिन्हाने लिहायची सवय होती, तिथे घसरलो. दुरुस्ती करून घेतली.

विदर्भकन्या
एक्सेलमध्ये हेच करताना होणारी चूक सांगते, कारण सीएम१चा दुसरा भाग संगणकावर एक्सेलमध्येच असतो आणि सीएस१चा दुसरा भाग आरमध्ये.

एक्सेलच्या पीव्ही आणि पीएमटी या दोन्ही फंक्शनमध्ये शेवटचा आकडा हप्ता कधी भरायचा ते ठरवतो. शून्य म्हणजे मुदतीच्या शेवटी, एक म्हणजे सुरुवातीला. तो रकाना रिकामा सोडला की एक्सेल शून्य धरतो. विम्याचा हप्ता वर्षाच्या सुरुवातीला येतो, म्हणून तिथे एक हवा. बरीच पोरं रिकामं सोडून देतात आणि मग उत्तर १.०६ पटीने का चुकलं ते शोधत बसतात.

जीवनसारणीचं काम करताना पीव्ही वापरूच नका, असा माझा सल्ला आहे. एक रकाना वयाचा, एक मृत्यूच्या संभाव्यतेचा, एक जगण्याचा, एक सवलत गुणकाचा, शेवटी गुणाकार. रकाने वाढतात, पण प्रत्येक आकडा डोळ्यांना दिसतो. तपासणाऱ्यालाही तुम्ही कुठे काय केलं ते दिसतं, आणि अंतिम उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. व्याजदर एकाच पेटीत ठेवा आणि तिला डॉलरचं चिन्ह लावून बांधा. खाली सूत्र ओढलं की पेटी सरकू नये.

अभ्यासात एएम९२ ही ब्रिटिश सारणी वापरतात. तिच्यात निवड कालावधी २ वर्षांचा आहे. म्हणजे विमा नुकताच घेतलेला, वैद्यकीय तपासणी झालेला माणूस वेगळ्या रकान्यात आणि जुना विमेदार वेगळ्या. वयाला चौकोनी कंस असेल तर निवड रकाना. तो कंस नजरेतून सुटणं ही फार होणारी चूक आहे. विद्यापीठाच्या विषयात बहुधा एकच साधी सारणी शिकवतात, त्यामुळे आयएआयच्या पेपरात कंस पहिल्यांदाच दिसतो.

गोरेवाडा_वारा
विदर्भकन्या ताई, आरबद्दलही लिहा ना. जीएलएममध्ये मुलांचं नेमकं काय चुकतं?

विदर्भकन्या
दोन गोष्टी, दोन्ही वारंवार.

एक म्हणजे ऑफसेट, पॉलिसी किती काळ चालू होती ते मॉडेलला सांगायची जागा. दाव्यांची संख्या पॉयसाँ जीएलएमने बसवताना एक पॉलिसी ३ महिने चालू होती आणि दुसरी पूर्ण १२ महिने. दोघांचा एकेक दावा. ऑफसेट न लावता मॉडेलला दोघं सारखेच दिसतात. खरं तर पहिल्याचा दर वर्षाला ४ आणि दुसऱ्याचा १. म्हणून ऑफसेटमध्ये जोखमीच्या काळाचा लॉग टाकायचा. लक्षात ठेवा, लॉग. नुसता काळ टाकला तर मॉडेल चालतं, चूक झाल्याचा इशारा येत नाही, आकडे मात्र बिघडलेले असतात.

दुसरी गोष्ट पिनकोडची. माहितीत ४४००१० आणि ४४००२२ असे भाग असले की आर त्यांना संख्या समजतो. मग मॉडेल म्हणतं, पिनकोड १२ने वाढला की दाव्याचा दर अमुक इतका बदलतो. याला काही अर्थ नाही. तो रकाना आधी फॅक्टर, म्हणजे संख्या नव्हे तर गटाचं नाव, करून घ्यायचा. प्रत्येक भागाचा गुणक वेगळा आला पाहिजे. सारांशात पिनकोडसमोर एकच ओळ दिसली की समजायचं, फॅक्टर केलेलं नाही.

या दोन्ही चुका प्रात्यक्षिकातच कळतात, फळ्यावर नाही. म्हणूनच वर म्हटलेली २ प्रात्यक्षिकाची क्रेडिट्स सोडू नका.

संत्रानगरी_०७१२
मायनरमध्ये प्रकल्प ठेवलाय. विम्याचाच विषय घ्यायचा म्हणतेय, पण कंपनीची माहिती तर मिळणार नाही. काय करावं?

धंतोलीकर
कंपनीच्या माहितीच्या मागे लागू नका. विदर्भात बसून पीक विम्यापेक्षा जवळचा विषय दुसरा नाही, आणि तिथलं सूत्र उघड आहे.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६च्या खरिपापासून सुरू झाली. शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या खरिपात २ टक्के, रब्बीत दीड टक्का, वार्षिक नगदी आणि फळपिकांसाठी ५ टक्के अशी मूळ रचना. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतं. भरपाई तुमच्या वावरातल्या उत्पन्नावर ठरत नाही, महसूल मंडळासारख्या क्षेत्राच्या सरासरीवर ठरते. ती सरासरी पीक कापणी प्रयोगातून काढतात.

उंबरठा उत्पन्न म्हणजे ज्याच्या खाली सरासरी गेली की भरपाई मिळते ते उत्पन्न. ते काढायची रीत अशी: गेल्या ७ वर्षांतली सर्वांत चांगली ५ वर्षं, त्यांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर, म्हणजे योजनेत ठरवलेला टक्का. एका मंडळातल्या सोयाबीनचे काल्पनिक आकडे घेऊ, हेक्टरी क्विंटलमध्ये: १२, १४, ९, ६, १३, ११, १५. चांगली पाच वर्षं १५, १४, १३, १२, ११, सरासरी १३. जोखीमस्तर ७० टक्के असेल तर उंबरठा ९.१. यंदाचं उत्पन्न ७ आलं तर तूट २.१, भागिले ९.१ म्हणजे २३.०८ टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५५,००० धरली तर भरपाई १२,६९२ रुपये.

आता हाच हिशेब सातही वर्षांची सरासरी घेऊन करा. सरासरी ११.४३, उंबरठा ८, तूट १ भागिले ८, भरपाई ६,८७५. सूत्रातला एक नियम बदलला की भरपाई जवळजवळ निम्मी. प्रकल्पाचा गाभा इथेच आहे. वाईट वर्षं वगळल्याने शेतकऱ्याला किती मिळतं, आणि त्यासाठी विमा कंपनीने हप्ता किती जास्त लावायला हवा.

लॉ_कॉलेज_चौक
यात मी एक जोडतो. प्रकल्पात फक्त सरासरी भरपाई काढून थांबू नका. उत्पन्नाला एखादं वितरण बसवा, मग आरमध्ये १० हजार वेळा नमुना घेऊन भरपाईचं वितरण काढा. सरासरी भरपाई म्हणजे शुद्ध हप्ता, आणि वरच्या टोकाचे आकडे म्हणजे कंपनीला लागणारं भांडवल. सोयाबीनचं उत्पन्न शून्याखाली जात नाही, म्हणून प्रसामान्य वितरण सरळ बसवू नका. गॅमा किंवा लॉगनॉर्मल तपासा. ७ आकड्यांवर वितरण बसवणं नाजूक काम आहे, तेव्हा शेजारच्या मंडळांची माहिती एकत्र घ्या आणि का घेतली ते लिहा.

आणि एका मंडळाचा पाऊस गेला की शेजारच्यांचाही जातो. मंडळं एकमेकांपासून स्वतंत्र धरली तर जोखीम फार कमी दिसते. अशा प्रकल्पांतली ही सगळ्यात मोठी चूक. आयुर्विम्यात हजार माणसांचे मृत्यू साधारण स्वतंत्र धरता येतात, पिकात नाही.

उमरेड_रोड
पावसाची माहिती नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे, कापसाबद्दल केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे विचारता येईल. दोन्ही इथेच आहेत. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने आणि काय हवं ते नेमकं लिहून द्या: कोणता तालुका, कोणती वर्षं, रोजचा की महिन्याचा आकडा. "पावसाची माहिती हवी" एवढंच लिहिलं की अर्ज परत येतो.

प्रताप_नगर_स्टॅट
वेळापत्रकावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. आयएआयची परीक्षा वर्षातून दोनदा असते. विद्यापीठाची हिवाळी आणि उन्हाळी परीक्षाही दोनदा. दोन्हींच्या तारखा एकमेकांना भिडतात, त्यामुळे एका सत्रात दोन-दोन आयएआय पेपर भरायचा बेत पदवी चालू असताना करू नका. एक पेपर, तोही ज्याचा विषय त्याच सत्रात वर्गात चालू आहे असा.

क्रम असा बसतो. पहिल्या वर्षाच्या सुटीत एसीईटी. निकाल ३ वर्षं चालतो, म्हणून सदस्यत्वाची फी लगेच भरायची घाई नाही. ज्या सत्रात अनुमानशास्त्र आणि रिग्रेशन संपतं, त्याच्या पुढच्या आयएआय सत्रात सीएस१. ज्यांचं मेजर अर्थशास्त्र आहे त्यांनी सीबी२, म्हणजे व्यवसाय अर्थशास्त्र, आधी दिला तरी चालतो, तो तुलनेने हलका पडतो. सीएम१ तिसऱ्या वर्षी. सीएस२ला मार्कोव्ह साखळ्या, जीवितकाळ विश्लेषण, कालश्रेणी लागतात. तो पदवीनंतरच घ्या, घाई केली की दोनदा द्यावा लागतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. अ‍ॅक्चुअरियल नोकऱ्या नागपुरात फार नाहीत, त्या मुख्यतः मुंबई, गुरुग्राम, बंगळूरु, पुणे इथे आहेत. मुलाखतीत मायनरचं नाव विचारत नाहीत. किती पेपर सुटले आणि आर, एक्सेलवर हात किती बसला आहे, ते विचारतात.

विदर्भकन्या
अमेरिकेच्या वाटेनं जाणाऱ्यांसाठी थोडं. तिथल्या सोसायटी ऑफ अ‍ॅक्चुअरीजच्या पहिल्या दोन परीक्षा म्हणजे पी (संभाव्यता) आणि एफएम (वित्तीय गणित). पीला ३ तासांत ३० प्रश्न, एफएमला अडीच तासांत ३०. दोन्ही बहुपर्यायी, संगणकावर. याखेरीज व्हीईई म्हणून अर्थशास्त्र, लेखा-वित्त आणि गणिती संख्याशास्त्र असे तीन विषय पूर्ण करावे लागतात, आणि ते सोसायटीच्या मान्य यादीतले असायला हवेत. तुमचा मायनरचा विषय त्या यादीत आहे का ते नोंदणीआधी शोधा. नसेल तर तो विषय शिकून ज्ञान मिळेल, व्हीईई मिळणार नाही.

संत्रानगरी_०७१२
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय: मेजर कॉमर्स, मायनर संख्याशास्त्र, आरची प्रात्यक्षिकं असलेले दोन विषय, आणि प्रकल्प सोयाबीनच्या उंबरठा उत्पन्नावर. एकच शंका उरली. बी.टेक.च्या मैत्रिणीला मायनर हवंय, तिच्यासाठी काही वेगळं आहे का?

गोरेवाडा_वारा
आहे. बी.टेक.मध्ये मायनर हा बहुधा पदवीच्या क्रेडिटवर १८ ते २० जास्तीची क्रेडिट्स घेऊन मिळतो, म्हणजे भार अधिक. बी.एस्सी.-बी.कॉम.मध्ये तो पदवीच्या क्रेडिटमध्येच असतो. तिचं अवकलन आणि मॅट्रिक्स पक्कं असतं, संभाव्यतेची ओळखही असते. उणं पडतं ते अनुमानशास्त्र आणि अर्थशास्त्र. बॅकलॉग असताना मायनर देतात का हे तिच्या कॉलेजच्या नियमात पाहून ठेवायला सांगा. त्या एका अटीवर बरेच अर्ज परत येतात.

आणि तुम्हाला एक. नोंदणीचा फॉर्म भरण्याआधी त्या दोन विषयांची घटकसूची इथे टाका, फोटो चालेल. मी आणि प्रताप_नगर_स्टॅट मिळून सीएस१च्या अभ्यासक्रमाशी एकेक घटक ताडून पाहतो. जो घटक सुटलेला दिसेल, त्याचे किती तास घरी द्यायचे तेही सांगतो.